घरून निघालेली फेरी

मी घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, आणि किलोमीटरच्या भत्त्यासाठी दर महिन्याला अकाउंटच्या साहेबांपुढे तोंड वेंगाडायचं. क्लेममध्ये पेशंटचं नाव लिहायचं नसतं, नुसता नंबर.

"ही रविवारची फेरी तुमच्या घरून सुरू झालीय, सिस्टर," म्हणत साहेबांनी ती ओळ खोडली. "म्हणजे खासगी. करमुक्त भत्त्यात बसत नाही. उगाच कंपनीच्या खिशात हात घालू नका."

सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. माझं डोकंच सणकलं.

 

"बरोबर आहे साहेब, खासगीच होती. तुमच्या आई बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि तुम्ही त्यांचा फोन उचलत नव्हतात."