दर दोन तासांनी

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. फोरमनसाहेबांच्या बायकोला एकटीने ते झेपेना, म्हणून तळमजल्यावरचे निवृत्त फिटरकाका सात महिने जिने चढत होते. आजचा हा त्यांचा पाचवा फेरा होता आणि गुडघ्यांनी तिसऱ्या फेऱ्यालाच हात टेकले होते.

त्यांनी साहेबांना उजव्या कुशीवर वळवलं आणि पाठीशी उशी लावली.

“उशी दोन बोटं खाली घे,” साहेब गुरगुरले. “कारखान्यातसुद्धा तुला माप कधी जमलं नाही.”

काकांनी उशी दोन बोटं खाली घेतली. हेच वाक्य अहवालात लिहून साहेबांनी त्यांची बढती अकरा वर्षं अडवली होती. प्रत्यक्षात माप चुकलं होतं ते साहेबांच्याच ड्रॉइंगमध्ये.

वहिनी दारापर्यंत सोडायला आल्या. “यांचा सख्खा भाऊ एकदा तोंड दाखवून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. तुमचा मात्र यांच्यावर फार जीव.”

काकांनी जिना उतरायला कठडा धरला.

“नाही वहिनी, खोटं कशाला बोलू? प्रभूने वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी प्रार्थनेत तेवढीच मागतो. अजून मिळालेली नाही.”

“मग येता कशाला?”

“ती मिळेपर्यंत साहेबांची पाठ थोडीच थांबणार आहे?”