मागचं गेट

"मंत्रीसाहेब येतायत. दोन तास कुणालाच आत सोडायचं नाही," हॉस्पिटलच्या गेटवरचा हवालदार म्हणाला. टॅक्सीत जाईबाईंचा नवरा छाती धरून घामाने भिजला होता. "'पेशंट तपासल्याशिवाय परत पाठवायचा नाही', ही इथलीच पाटी मी आया असताना तीस वर्षं पुसलीय!" त्या ओरडल्या. "वरून ऑर्डर आहे, मावशी. सायन हॉस्पिटलला न्या." जाईबाईंनी टॅक्सी मागच्या, शवागाराच्या गेटकडे घ्यायला लावली. नवऱ्याच्या अंगावरची चादर तोंडावर ओढली. "अहो, अजिबात हलू नका." तिथल्या सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "बॉडी ठेवायचीय. मुलगा दुबईहून यायचाय." त्याने टोपी काढली, हात जोडले, गेट उघडून स्ट्रेचरही दिलं. त्यांनी ते थेट कॅज्युअल्टीत ढकललं. डॉक्टरने चादरीकडे बघत विचारलं, "कधी गेले?" जाईबाईंनी चादर खेचली. "अजून जिवंत आहेत. आधी तपासा! मेल्याशिवाय आज तुमच्याकडे आत घेत नाहीत."