भाषेचा रकाना

लक्ष्मीप्रियानं हॉल तिकीट अप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. भाषेचा पेपर : मराठी.

"हे मराठी कसं आलं, अप्पा?"

"मीच घातलं." कृष्णमूर्ती खुशीत हसले. "तामिळ सगळेच घेतील. ही आपली घरची भाषा. अभ्यास नको, काही नको, फुकटचे मार्क!"

पोरीनं दुसरा कागद समोर सरकवला. गेल्या वर्षीचा मराठीचा पेपर, ब्राउझिंग सेंटरवाल्या सुंदरेशनं छापून दिलेला. कृष्णमूर्तींनी चष्मा चढवला आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं रेघेखाली लोंबत होती. एक ओळखीचं असेल तर शपथ! बाप काय, पोर काय, दोघंही शाळेत तामिळ-इंग्रजीच शिकलेले. तोंडानं बोलतो ती भाषा परीक्षेत डोळ्यांनी वाचावी लागते, एवढी साधी गोष्ट महिनाभर त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

आणि महिनाभर केलं काय होतं? तर वही. लाल रेघा मारून एकीकडे कुंभकोणमचं कॉलेज : तीन वर्षं बी.एस्सी., मग दोन वर्षं बी.एड. दुसरीकडे लांबचं विद्यापीठ : दोन्ही मिळून चारच वर्षं, पण प्रवेश परीक्षा द्यायची. बारावीचे मार्क, विषय, वयाची अट, सगळ्याचे रकाने. शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या तासांना लंबक टांगून देणारा माणूस तो; आपली पोर फळ्यापाशी उभी राहून फिजिक्स शिकवणार, या आनंदात त्यांनी गावातल्या कॉलेजचा अर्ज भरलाच नाही. ती मुदत शुक्रवारी संपली.

"बदलून घेऊ की," ते म्हणाले.

"विचारलं मी. दुरुस्ती परवाच बंद झाली. परीक्षेला पंधरा दिवस आहेत."

स्वयंपाकघरात इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर थांबला. "काय झालं हो?" वत्सलाबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही, काही नाही!" कृष्णमूर्ती इतक्या घाईनं ओरडले की स्वतःच दचकले.

प्रिया मात्र रडत नव्हती. उलट मांडी घालून जवळ सरकली, पेन्सिल काढली. "मज भ्या वाटलं होतं आधी. मग म्हटलं, अप्पांना येतं की वाचाया. पंधरा दिवसांत शिकवतील."

कृष्णमूर्तींची नजर आपोआप भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली. आत एक जुनं पत्र होतं, पूर्वजाला तंजावरच्या मराठी राजांच्या राजवाड्यातल्या धान्यकोठीवर नेमल्याचं. पणजोबांनी मोडीतून ठळक बाळबोध अक्षरांत उतरवून काढलेलं. दर नवरात्रात कोलूच्या बाहुल्या बघायला लोक आले की कृष्णमूर्ती त्या फ्रेमसमोर उभे राहत, बोट फिरवत आणि खणखणीत आवाजात पत्र वाचून दाखवत. लोक माना डोलवत. पोर तर लहानपणापासून तोंडाकडे बघत राही.

"मोबाइलवर मिळतं सगळं," ते पुटपुटले. "तिथं बघ."

"तुम्ही असताना मोबाइल कशाला? हे पहिलं अक्षर कोणतं? सांगा."

तिची पेन्सिल कागदावर थांबलेली. खोटं एखादं अक्षर ठोकून द्यावं, असंही क्षणभर कृष्णमूर्तींच्या मनात आलं. मग परीक्षेच्या हॉलमध्ये एकटी बसलेली पोर डोळ्यांपुढे आली आणि त्यांचा धीरच झाला नाही.

"मज येत नाही, प्रिया."

"काय येत नाही?"

"वाचाया. एक अक्षरही येत नाही."

"मग ते पत्र?"

"पाठ आहे. माझ्या अप्पांनी पाठ करवून घेतलं होतं."

प्रियाचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही रडणार, आता आईला हाक मारणार, म्हणून कृष्णमूर्तींनी मान खाली घातली. एवढ्यात स्टूल ओढल्याचा आवाज झाला. पोर स्टुलावर चढून फ्रेम उतरवत होती.

तिनं फ्रेम जमिनीवर ठेवली, पदरानं पुसावी तशी ओढणीनं काच पुसली. "म्हणा."

"काय?"

"पाठ आहे ना? म्हणा. हळू, एकेक अक्षर."

कृष्णमूर्तींना खरी धडकी भरली ती आता. आपल्या वडिलांना तरी वाचता येत होतं का? तेही असंच पाठ म्हणत असतील तर? कागदावर भलतंच काही असेल तर पोरीच्या हाती उरलं काय? त्यांनी तोंड उघडलं. नवरात्रातला तो खणखणीत आवाज काही केल्या निघेना.

"रा… ज… श्री…" ते कसेबसे म्हणाले. "रा… म… रा… व…"

प्रियाचं बोट काचेवरून सरकत होतं. ते मध्येच अडलं. मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"थांबा. हे इथं आहे, तेच इथं आहे, आणि तेच परत इथं. तीनदा. तुम्हीही तीनदा म्हटलंत." तिनं वर पाहिलं. "हा 'रा', होय की?"

कृष्णमूर्ती गुडघ्यांवर वाकले, चष्मा कपाळावर सारून काचेला नाक लावलं. लहानपणापासून कितीदा तरी त्या कागदावरून त्यांनी बोट फिरवलं होतं.

"कुठं?" त्यांनी विचारलं. "मजही दाखव."