काकांचा चौकोन

"उद्या सकाळी स्लॅब टाकायचाय, काकू. आज काय ते सांगून टाका," प्लंबर म्हणाला. "सोलर, की पावसाच्या पाण्याची टाकी?"

काकू अर्धवट घरासमोर, विटांच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पुढ्यात दोन पिंपांवर आडवी फळी, फळीवर घराचा नकाशा, आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर विटांचे तुकडे. फळीपलीकडे दुसरी खुर्ची होती. प्लंबर तिच्यावर बसला नव्हता. तो आपला उभाच होता.

दोन्ही करायची ऐपत नाही, हे कधीच ठरलं होतं. पाणी तापवायचं सोलर घ्यायचं तर बाथरूमच्या डोक्यावर, सळयांच्या जाळीत पाइपचा एक तुकडा आजच अडकवून ठेवायला हवा. टाकी करायची तर गच्चीचा उतार पुढच्या कोपऱ्याकडे काढायचा आणि अंगणात खड्डा घ्यायचा. एकदा काँक्रीट पडलं की मग कितीही डोकं आपटा.

"मागच्या खेपेला तुमची आणि काकांची अशी जुंपली होती," प्लंबर म्हणाला, "की मी म्हटलं, ठरलं की बोलवा, आणि सटकलो."

"ठरलं कुठे," काकू म्हणाल्या. "त्याआधी हेच गेले."

प्लंबर नकाशावर वाकला. गच्चीच्या जागी कागद मळून खरखरीत झाला होता. काकांनी तिथे पेन्सिलने सोलरचा चौकोन काढायचा आणि काकूंनी तो खोडायचा, असं वर्षभर चाललं होतं. संध्याकाळी खोडला की सकाळी चहाच्या आधी चौकोन पुन्हा हजर. टाकीचा गोल मात्र काकूंनी पेनने काढला होता, म्हणजे खोडायची भानगडच नको.

"तुम्हाला टाकीच हवी होती ना? मग टाकी करू. आता कोण अडवणार आहे..." प्लंबरने जीभ चावली. "म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. काका गेल्यापासून चार महिन्यांत मुलगा फोनवर हेच म्हणाला होता, मिस्त्री हेच म्हणाला होता, फरशीवाल्यानेही तेच. छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य काकूंच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं. तेव्हा किती हौस होती ते ऐकायची. आता ते ऐकवत नव्हतं.

"सोलर घेते," काकू एकदम म्हणाल्या.

"चालेल."

"चालेल काय? ऊन काय बारा महिने असतं?"

"मग टाकी करू."

"अहो, तुम्ही मला एकदा तरी नको म्हणा ना! काहीतरी अडचण काढा."

प्लंबर बुचकळ्यात पडला. कानामागची पेन्सिल काढून त्याने तिनेच डोकं खाजवलं. "घरात माणसं किती राहणार?"

"एक."

"मग सोलर नकोच, काकू. खरं सांगतो. एका माणसाला गरम पाणी लागून लागून किती लागणार? दोनशे लिटर रोज तापणार, आणि वापरायला कोणी नाही."

काकू खुर्चीत सावरून बसल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज चढला.

"तापू दे की! ऊन फुकटचं, आपल्या बापाचं काय जातंय? गुडघे धरले की कढत पाण्याशिवाय भागत नाही. उद्या चार पाहुणे आले तर एकेक बादली तापवत बसणार का? पाऊस येईल तेव्हा येईल, ऊन दारात उभं आहे!"

एकूण एक मुद्दा काकांचा होता. बापसुद्धा काकांनीच काढलेला. इतकी वर्षं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असं काकू समजत होत्या, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि प्लंबर काय उलट बोलतो याची वाट बघू लागल्या.

"पटलं," प्लंबर म्हणाला. "सोलर घेऊ."

"एवढ्यात?"

"म्हणजे?"

"काही नाही. द्या ती पेन्सिल, जागा दाखवते."

तो चौकोन त्या पहिल्यांदाच काढत होत्या. तीन बाजू नीट झाल्या. चौथ्या बाजूला, खोडून खोडून झिजलेल्या ठिकाणी पेन्सिलचं टोक आरपार गेलं आणि कागद फाटला. खालची फळी दिसू लागली. एकदा त्यांचा चौकोन राहू दिला असता तर काय बिघडलं असतं, असं काकूंच्या मनात आलं.

"असू द्या, काकू. जागा कळली," म्हणत प्लंबर पाइपचा तुकडा आणि हातोडा घेऊन शिडीने वर गेला.

काकू समोरच्या खुर्चीकडे बघत बसल्या. वर ठोकाठोकी सुरू झाली. दोन ठोके पडले आणि हाक आली, "काकू, बाथरूमच्या वर, इथेच ना? ठोकू?"

"नको!" काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

हातोडा तिथल्या तिथे थांबला. एका 'नको'ला इतकं कोणी ऐकतं का, असं काकूंना ओरडून विचारावंसं वाटलं. त्या वर कान देऊन बसून राहिल्या. ठोका काही पुन्हा पडला नाही.