वळताना हात

"हँडल मी सांभाळतो, वळताना हात तू दाखव." सायकलवर मागे बसवताना नवरा नेहमी म्हणायचा. ते बोल तिच्या कानात काट्यासारखे रुतून बसले होते.

एकदा वळताना मागून गल्लीतल्या सुताराची मोपेड धडकली आणि नवऱ्याचा पाय जन्माचा अधू झाला. सुतारानं मोपेड विकून टाकली. तेव्हापासून तो पायीच यायचा, नवऱ्याची कुबडी नीट करून द्यायला.

आजही कुबडीला नवं रबर बसवताना तो कळवळला, "वहिनी, तुम्ही हात दाखवलात, माझेच डोळे फुटले होते!"

"अरे, केव्हाच माफ केलं तुला," नवरा हसला.

ती दाराशीच थबकली.



"हात दिसेल कसा, भाऊजी? दोन्ही हातांनी मी केस बांधत होते."