मंडळाची शाल

निपाणीजवळच्या आमच्या गावात दर रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये कुणाचा तरी सत्कार होतो. सत्कार करावा असं कुणी काही केलेलं नसतं, पण रविवार येतोच. मंडळाकडे शाल एकच आहे. फोटो निघाला की अध्यक्ष साईनाथअण्णा ती स्वतः उतरवून घेतात, घडी करतात आणि कपाटाला कुलूप लावतात.

गेल्या रविवारी निवृत्त पोस्टमन तम्मण्णांचा सत्कार झाला. शाल काढून घेतल्यावरही ते सारखे खांदा झटकत होते. बुधवारी ते वारले. या रविवारी श्रद्धांजली म्हणून सगळे मिनिटभर उभे राहिले. चहा गार होईल म्हणून ते मिनिटही लवकर संपलं.

मग अंगणवाडीच्या अक्काताईंना पुढे बोलावलं. त्या जागच्या हलेनात.

"तम्मण्णांच्या अंगावरचीच न्हवं ही? मला न्हाय पांघरायची."

"लई लाड नकोत, आक्का. फोटोवाला थांबलाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी कुलूप काढलं, शालीची घडी मोडली. शाल ऊबदार होती, आत्ताच कुणी अंगावरून काढल्यासारखी. अण्णांनी क्षणभर स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ती अक्काताईंच्या खांद्यांवर टाकली. नेहमीइतक्याच टाळ्या झाल्या.

फोटोवाला हसा म्हणाला. अक्काताई हसल्या नाहीत.

"अण्णा, खांद्यावरचा हात काढा की."

साईनाथअण्णा त्यांच्यासमोर उभे होते, दोन्ही हातांत नारळ धरून.