गडावर एकटा

“कुणी आहे का?” शार्दूल शेवटी लाज सोडून ओरडला. हिवाळ्यात एकट्यानं गड चढायचा हट्ट त्याचाच. पण धुक्यात उतरायची वाट हरवली होती आणि अंधार पडायला आला होता.

“नाही, मी एकटाच आलोय,” डावीकडून आवाज आला.

“मीपण एकटीच!” उजवीकडून एक मुलगी वैतागली.

शार्दूल चक्रावला. धुक्यात असे पाच एकटे निघाले. शेजारी दरी होती, म्हणून एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून, काठीनं वाट चाचपत सगळे उतरले.

पायथ्याच्या चहाटपरीवर प्रत्येकानं वेगळ्या कोपऱ्यातून घरी फोन लावला. “हो आई, एकटाच उतरलो,” शार्दूल म्हणाला.

“पाच चहा ना रे पोरांनो?” टपरीवरच्या मावशीनं विचारलं.

“नाही मावशी, एकच,” पाचही जण म्हणाले.